आईंनी लपवलेला पाव

१४ एप्रिल, रवि.

आज आईंच्या उशीच्या अभ्र्यात पाव सापडला. अख्खा, दगडासारखा. नंतर शिलाई मशीनच्या खणात अर्धा. नंतर दिव्याच्या कोनाड्यात बिस्किटांचा चुरा, त्याला मुंग्या. ज्या सासूने, लग्न होऊन मी या यहुदी घरात आले तेव्हा, पहिल्या पेसाहच्या सणाला माझ्याकडून दाराच्या बिजागऱ्या सुद्धा टाचणीने साफ करून घेतल्या होत्या, तीच आता घरभर पाव लपवतेय! हसावं की रडावं. सॅमसनला सांगितलं तर म्हणाला, "आजारच तसा आहे." हो बाबा, ते मलाही माहीत आहे. पण सणाला घरात आंबलेल्या पिठाचा कणही चालत नाही, आणि तो कण शोधायचाय मला.

तांब्याची भांडी कल्हईला दिली. मनुका आणायच्यात, सरबतासाठी. खजूर पण.

१५ एप्रिल

खरी भीती पावाची नाही. होळीपासून आई फक्त चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्किट खातात. भात थुंकतात. पेज थुंकतात. तांदळाची भाकरी, जी जन्मभर खाल्ली, ती हातात धरून "हे काय गं?" विचारतात. बिस्किट गव्हाचं. सणाचे आठ दिवस चालणार नाही. मग त्या काय खाणार?

१६ एप्रिल

झोप नाही. तोच दिवस आठवतोय. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, रिक्षातून आलो, आणि आईंनी माझा हात धरला. मुलाचा नाही, माझा. "सुरेखा, मी विसरेन. तू विसरू नकोस. अनशी ढाकाच्या सणाला माझ्या तोंडात खमिराचं काही जाऊ देऊ नकोस. मेले तरी चालेल." आई पेसाहला हे आपलं जुनं नावच वापरायच्या. मी म्हटलं, हो आई. पटकन म्हटलं.

आता निस्तर.

१८ एप्रिल, गुरु.

ठाण्याहून मत्साचे पुडे आले, सणाची ती बिनखमिराची कडक रोटी. चहात भिजवून घास दिला, माझ्या साडीवर थुंकल्या. बरं. मग शक्कल लढवली. तांदळाच्या पिठाची बिस्किटं केली, चौकोनी कापून, काट्याने भोकं पाडून, अगदी हुबेहूब. बशीत नीट मांडली. आईंनी एक उचललं, उलटंपालटं केलं, आणि सरळ खिडकीतून बाहेर फेकलं. बायकोला फसवणाऱ्या नवऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. सॅ. हसला. मला राग आला आणि मग मीही हसले, मग रडले.

१९ एप्रिल

सॅ.ने ठाण्याच्या हजानकाकांना फोन लावला. सण, प्रार्थना, नियम, सगळं आम्ही त्यांनाच विचारतो. काका म्हणाले, "जीव आधी. बिस्किट द्या. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर."

"झालं ना आता?" सॅ.

नाही झालं. काकांनी मोकळं केलं, आईंनी कुठे केलंय? शब्द मी दिलाय. असं म्हटल्यावर तो चिडला. "तू बाहेरून आलीस ना, म्हणून आमच्यापेक्षा जास्त करतेस." इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला असं. नंतर स्वतःच चहा करून आणला. मी प्यायले नाही. (प्यायले. थंड करून.)

नामपूरहून आईचा, माझ्या आईचा, फोन. "येडी शे का तू? म्हतारीले बिस्कुट दी टाक. देव काय राग धरी का?"

देवाचं मला भय वाटत नाही गं. दोन्हीकडून आईंचंच भय वाटतं. बिस्किट दिलं तर पूर्वीच्या आईंचं, नाही दिलं तर आत्ताच्या.

२१ एप्रिल, रवि.

दिवेलागणीला मेणबत्ती घेऊन खमीर शोधलं. दरवर्षी आई पुढे, मी मागे कण झाडायला पीस आणि सुपली घेऊन. रिवाज असा की शोधायला काही सापडावं म्हणून पावाचे तुकडे आधी आपणच ठेवायचे. यंदा ठेवावे लागलेच नाहीत! आज मी पुढे, आई मागे, माझा पदर धरून. सासऱ्यांच्या फोटोमागे हात घातला, पावाचा तुकडा लागला. काढला तशी आई किंचाळल्या. "ठेव तो! यांच्यासाठी ठेवलाय. कामावरून उपाशी यायचेत."

सासरे जाऊन किती वर्षं झाली.

म्हणजे एवढे दिवस हे चाललं होतं. स्वतः खात नाहीत आणि त्यांच्यासाठी राखून ठेवतात. मेणबत्ती सॅ.च्या हातात दिली आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

२२ एप्रिल, सोम.

सकाळी सगळे तुकडे गच्चीवर जाळले. आईंना दिसू दिलं नाही.

सणात खमीर आपल्या मालकीचंही चालत नाही, म्हणून बिस्किटांचा शेवटचा पुडा शेजारच्या निकमकाकूंकडे दिला. "काकू, हा आता तुमचा. आमचा नाही."

"मग मी चहात बुडवून खाल्ला तर?"

"खा."

"आणि म्हातारीला लागला तर?"

"दार वाजवीन."

काकू हसल्या नाहीत. पुडा ओट्यावर ठेवला, डब्यात नाही.

सकाळपासून आईंच्या पोटात वाटीभर दूध. बस. हात गार लागतायत. मला फार भीती वाटतेय. खजुराचा शिरा झाला, अंडी उकडली. सूर्य कलला. सणाचे पहिले दोन दिवस लिहायचं नसतं, पेन ठेवते. देवा, मी बरोबर करतेय ना

२५ एप्रिल, गुरु.

थोडक्यात. सोमवारी रात्री सणाच्या ताटाभोवती आम्ही तिघंच. सॅ.ने रिवाजाप्रमाणे तीन मत्सांतला मधला मोडला, अर्धा फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला. तो लपवायचा असतो, जेवण त्याच्यावरच संपवायचं असतं. लपवणं म्हटल्यावर आईंना काय सांगायचं! हात लांबवून घेतला आणि पदरात. परत मागितला तर, "यांच्यासाठी आहे." जेवण तसंच अर्धवट सोडून उठलो.

सकाळी उशीखाली फडकं. तुकड्याचा कोपरा नाही. ओला, दातांच्या खुणा. (दात अजून सगळे शाबूत.) गादी झटकली, पलंगाखाली टॉर्च मारला, खमीर शोधतात तसा शोधला तो कोपरा. मिळाला नाही. गिळला असेल का? की आणखी कुठे लपवला?

मंगळवारी पुन्हा दिला. तसाच्या तसा परत आला. काल पुन्हा, फडकं रिकामं. माहीत नाही, माहीत नाही.

दूध दोन दिवस चमचा-चमचा. आज डॉक्टर येऊन गेले. संध्याकाळपर्यंत काही पोटात गेलं नाही तर भरती करा म्हणाले. सॅ. म्हणतो, आता बास, पुडा आण.

मी म्हटलं, एकदाच. शेवटचं. मत्सा फडक्यात बांधून आईंच्या हातात दिला. "आई, बाबा यायचेत. नीट लपवा. आणि आधी चाखून बघा, त्यांना मऊ लागतो ना?" आईंनी माझ्याकडे बघितलं. पूर्वीसारखं वाटलं. मला वाटलं, ओळखलं. म्हणाल्या, "तू जा. तू असलीस की मला लाज वाटते."

म्हणून बाहेर पायरीवर बसलेय, वही गुडघ्यावर. काकूंचं दार उघडं आहे. पुडा ओट्यावरच आहे, इथून दिसतो. सॅ. जिन्यात उभा, चपला घालून.

आत काही कुरकुरतंय का ते ऐकतेय. पंखा बंद करून यायला हवं होतं, त्याच्या घरघरीत काही कळत नाही.