मोटरीवरचा हात

मॅडम, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली. हा कागद पोचणार नाय हे मला कळतं, ते कुणी मला समजवायला येऊ नये. आज सकाळी घरात एक गोष्ट झाली आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाय, म्हणून लिहिते. मराठीतच लिहिते. तुमचं इंग्रजी मला वर्षभरच मिळालं. त्यातलं एक वाक्य पक्कं राहिलं, ते पुढं येईल.

आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तुमच्या वेळी इथं ज्वारीची रानं होती, आता घराला घर लागलंय. माणसं आली, पाणी तेवढंच. आलं की मोटर लावून ओढून घ्यायचं, नायतर टँकरवाल्याची मिनतवारी. आमची मोटर म्हातारी, हवा धरते. लावायच्या आधी वरचं बूच खोलून तिच्यात तांब्याभर पाणी ओतावं लागतं. हे काम माझं. पण उद्या मी देवगाव रंगारीला भावाकडं चालले, आणि मागं राहणार आमचे हे. यांनी सगळा जन्म वैजापूरच्या यार्डात कांद्याचे लिलाव पुकारण्यात घालवला. मोटरीला हात लावलेला मी बघितला नाय. म्हणून कागदावर एकेक ओळ लिहिली आणि मोटरीवरच्या भिंतीला चिकटवली. पहिली ओळ, मोठ्या अक्षरात: पिन काढा. म्हणजे बोर्डातली, करंट तुटावा म्हणून.

"अगं, येवढ्याशा मोटरीला येवढी पोथी?" हे म्हणले. "मी काय बिगारीतला हाय का?"

"वाचा आणि तसं करा. माझ्यासमोर."

"आत्ता?"

"आत्ताच. पाणी आलंय आसं समजा."

हे बोलताना माझ्या तोंडातून तुमचाच आवाज आला मॅडम. मीच दचकले.

इलेक्ट्रिकलच्या पोरांना इंग्रजी लिहायला कशाला लावतात, हे पॉलिटेक्निकात कुणालाच कळत नव्हतं. आम्ही दोघी पोरी, बाकी सगळी पोरं. तुम्ही फळ्यावर काही लिहिलंच नाय. आम्हाला उठवून वर्कशॉपात नेलं. तिथं तेलाचा वास, आणि तुम्ही इस्त्रीच्या साडीत. म्हणालात, "मला मोटरीतलं काहीही कळत नाही. तुम्ही इंग्रजीत लिहा, मी वाचून तसंच करीन. मोटर फिरली तर तुम्ही पास."

मागून एकजण म्हणला, "आणि नाय फिरली तर?"

"तर मी तिथेच उभी राहीन. तुम्ही परत लिहायचं."

आणि खरंच राहायच्या. एका पोरानं 'स्क्रूड्रायव्हर हातात घ्या' लिहिलं आणि पुढचं लिहायचं विसरला. तुम्ही स्क्रूड्रायव्हर धरून उभ्या, आरतीला उभ्या राहिल्यागत. पोरं हसून बेजार. तुम्ही हसला नाहीत. लिहिलंय तेवढंच करायचं, डोकं लावायचं नाय, हा तुमचा कायदा.

मग माझी पाळी. मोटर उलटी फिरवायची. काम सोपं हाय, तीन वायरींतल्या दोन अदलाबदल करायच्या. मी डिक्शनरी बघून बघून लिहिलं. झाकण काढा. लाल वायर सोडवा. स्पेलिंग बरोबर हाय का ह्याचीच मला भीती. तुम्ही माझा कागद घेता, मोठ्यानं वाचता, झाकण काढता. भिंतीवरचा मेन स्विच चालू हाय, वर्कशॉपचे सर त्याच्याजवळ उभे. पोरांचं हसणं थांबलं. तुमचा हात लाल वायरीकडं चाललाय, सावकाश, कागदावर लिहिलंय तसा. आणि मला दिसतं की मी काय लिहिलेलं नाय.

"मॅडम, हात काढा!" मी मराठीत वरडले.

हात थांबला. मागं नाय आला. वायरीच्या बोटभर अलीकडं, हवेत. "ते कागदावर नाही," तुम्ही म्हणालात. "लिही."

तुमच्या त्या हाताकडं बघत बघत मी पहिल्या ओळीच्या वर लिहिलं: फर्स्ट, स्विच ऑफ द मेन. डिक्शनरी न बघता लिहिलेलं माझं पहिलं इंग्रजी. तुम्ही वाचलं, जाऊन मेन बंद केला, परत आलात आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी सरांनी मेन परत लावला आणि मोटर उलटी फिरली. तुम्ही फक्त म्हणालात, "आता बरोबर आहे." रागावला नाहीत, शाबासकी नाय. आमच्या मेंढपाळांच्या वाड्यावर माझा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. मेंढरं सुद्धा दादांचं, माझ्या वडलांचं, ऐकायची. आणि तुम्ही माझ्या चार ओळींवर तुमचा जीव ठेवला.

त्या उन्हाळ्यात हॉस्टेलचे नळ गेले. गावाकडं तर चाराच नव्हता. दादा मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला निघाले, जाता जाता घोंगडं खांद्यावर टाकून मला न्यायला गेटात आले. "चल, आई एकलीच हाय," म्हणले. विषय संपला. तुम्ही गेटापर्यंत आलात. मला वाटलं डिक्शनरी देताल. तुम्ही पर्समधून करंट बघायचा टेस्टर काढून हातात दिला. "लिहायला तुला आता येतं," म्हणालात. "हा जवळ ठेव."

तर आज सकाळी. यांनी चष्मा लावला, कागदाकडं बघितलं. "पिन काढा. ते मला कळतंय, पुढचं काय ते बघू," आसं म्हणत पहिली ओळ सोडली आणि तांब्यातल्या पाण्यानं ओला झालेला हात सरळ मोटरीवर ठेवला.

मी अशी वरडले की शेजारीण गच्चीवरून वाकून बघायला लागली.

यांच्या हातातला तांब्या पडला. पाण्याचं मोल असताना सगळं अंगणात. "काय झालं? झटका बिटका काय बसला नाय!" हे म्हणले, पण तोंड पांढरं पडलेलं. मी बोट दाखवलं, पहिल्या ओळीकडं. यांनी वाचली, पिन काढली, दुसऱ्यांदा तांब्या भरून आणला आणि सगळं पहिल्यापासून केलं, मुकाट्यानं. शेवटची ओळ: बूच लावा, पिन घाला, बटण दाबा. बटण दाबलं. मोटर गप्प.

"बघ!" हे एकदम खुशीत. "तुझ्या पोथीनं मोटर चालू व्हईना!"

व्हायची कशी? मोटरीचा फ्यूज मी आधीच काढून पदराच्या गाठीत बांधला होता. तो गाठीत हाय हे म्हाईत असून मी वरडले मॅडम.

आपले वर्कशॉपचे सर पुढं औरंगपुऱ्यात दुकान टाकून बसले होते. मी त्यांच्या दारावरून कितीदा गेले. त्या दिवशी मेनचा फ्यूज त्यांच्या खिशात होता का, येवढं एक विचारायचं होतं. नाय विचारलं. ते 'व्हय' म्हणतील आणि तुमचा जीव माझ्या ओळींवर नव्हताच आसं निघेल, ह्याचं भ्या वाटायचं.

आता सरबी नाय राहिले. यांना गाठीचं मी सांगितलं नाय, सांगणारबी नाय. तुमचं काय होतं ते तुम्हीबी सांगू नका.