वहिनीने सुचवलेलं नाव

ता. ३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

होडी पुरी झाली. खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्या माझ्यासारख्या सुताराने शीड उभारलं म्हणून शेजारी चेष्टा करतात. करोत बापडे! नाव तेवढं राहिलंय. लहानपणी तू ग्रीक गोष्टी सांगून मला झोपवायचीस, म्हणून नाव तिथलंच हवं. शेवट येण्याआधीच मला झोप लागायची, ती गोष्ट वेगळी. मी पंखवाला इकारस म्हटलं, तर तुझ्या वहिनीने हातातलं भांडं आपटलं. मग तिनेच सुचवलं, अल्सिओनी. खंड्या पक्ष्याचं नाव म्हणे. निळ्या रंगात रंगवायलाही बसली. तुला कसं वाटतं? बेटापर्यंत एकटाच जाऊन येणार आहे.

लोभ आहेच, वाढवलास तर माझी ना नाही.
तुझा धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. इकारस समुद्रात पडून मेला, तो टळला म्हणून हुश्श करते तोच हे! अरे, अल्सिओनी आधी पक्षी नव्हती, बायको होती. नवरा समुद्रावर निघाला तेव्हा तिने खूप विनवलं, निदान मला तरी सोबत न्या म्हणाली. त्याने ऐकलं नाही. लाटांनी त्याचं प्रेत तिच्यासमोर आणलं, तेव्हा कुठे देवांना दया येऊन दोघांचे पक्षी झाले. वहिनीला हे ठाऊक नसणार. तिला सांगू नकोस, पण तो रंग खरवडून काढ. थेटिस ठेव, ती समुद्रातलीच देवी आहे. शिकवण्यात जन्म गेला आणि ताई नावाला घाबरते म्हणून हसशील. खुशाल हस, पण एकटा जाऊ नकोस.

उत्तर लगेच पाठव, जीव टांगणीला लागलाय.
तुझी ताई

ता. २ एप्रिल

ती. वन्सं यांस शि. सा. न.

तुमचं पत्र आलं त्याच सकाळी हे निघून गेले होते, म्हणून मीच फोडलं. रागावू नका. गोष्ट मला ठाऊक होती, आपल्या छकुलीच्या शाळेच्या पुस्तकात वाचलेली. एकटे जाऊ नका, असं तोंडाने सांगून दमले होते. म्हटलं, होडीवर चढताना डोळ्यांसमोर तरी राहील. यांना वाटलं, पक्षी.

दुपारी वारा फिरला. संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या परतल्या, आपलीच नाही. धक्क्यावर उभी राहून मी पाण्यावर तरंगणारं सगळं निरखत होते. काहीतरी काळं किनाऱ्याकडे येताना दिसलं, तशी मी धक्क्याच्या टोकाला धावले. ओंडका निघाला. हे नाव मीच लिहिलं, मीच ओढवून घेतलं, असं सारखं वाटत होतं. उजाडल्यावर मच्छीमारांनी होडी ओढून आणली. डोलकाठी मोडलेली. हे स्वतःला दोरीने बांधून तळाशी पडलेले, ओठ निळे. पण जिवंत!

ताप उतरल्यावर मी गोष्ट सांगितली. हे म्हणाले, पुढच्या वेळी तूही चल. तुमच्या भावाची खोड थोडीच जाणार! मी हो म्हटलं. पोहायला शिकतेय, नाकातोंडात पाणी जातं, छकुली खिदळते. पाण्याची भीती वाटतेच. पण त्या धक्क्यावरची भीती मला पुन्हा सोसवणार नाही.

एकच मागणं आहे. आम्ही निघू त्या दिवशी छकुलीचा हात धरून तिथे कुणीतरी आपलं उभं हवं. तुम्ही याल ना?

माया आहे तशीच असू द्या.
तुमची वहिनी