चार हात गव्हाचा पट्टा

दिराने माझ्या डोक्यात मागून फावडे घातले, तेही गावप्रमुख शिन यांच्या देखत, आणि शिनसाहेब म्हणतात, "घरातलं भांडण आहे, घरातच मिटवा." घरातले असते तर मी त्याला केव्हाच चुलीत घातला असता. हे शेतातले भांडण आहे, म्हणून लिहून ठेवते.

मी ल्येन ग्वेइछिन, वय एकावन्न, कै. जिंग वान्शौ यांची बायको, राहणार माच्यावान, कान्सू प्रांत. माझ्या डोक्याला अकरा टाके आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. दोन इयत्ता शिकले. माझा हात धरून कोणी हे मृत्युपत्र लिहवून घेतलेले नाही, धरून बघावा.

घर तीन खोल्यांचे, ते मुलगी शिंगअर हिला. झोपायच्या विटांच्या ओट्याखाली उबेसाठी जाळ घातला की डावीकडून धूर येतो, तिथली फट लिंपून घ्यावी. याच ओट्यावर नवऱ्याने मला पट्ट्याने फोडले. तिसऱ्या खेपेला मी शेवयांचे उकळते पाणी त्याच्या पायांवर ओतले. पुढे मरेपर्यंत माणसासारखा वागला, पेरणीचेही मलाच विचारायचा.

पेरणीची पाभर शिंगअरला. बियांच्या दोन नळ्यांमध्ये खताची तिसरी नळी मी लोहार ताओकडून बसवून घेतली आहे. पोरी, स्फुरदाचे खत वरून फेकू नकोस. आपल्या मातीत चुना, तो खत गिळून बसतो. वरची माती सुकते, तिथे मुळे फिरकत नाहीत. मेंढ्यांच्या लेंडीखतात कालव आणि बियापेक्षा चार बोटे खोल, ओलीत सोड. घरात स्फुरदाची साडेतीन पोती आहेत.

वरच्या टप्प्यावरचे शेत. जमीन गावाची, कसायचा हक्क आमच्या घराचा. मी गेले की घरात शिंगअर उरते, म्हणून हक्क तिचा. दीर वान्त्सांग म्हणतो, "पोरगी लग्न करून जाणार, तिला जमीन कशाला? तू मर, मग तिलाही बांधावरून फेकतो."

थंडीत बर्फ असताना त्याने हद्दीचा धोंडा चार हात माझ्या शेतात सरकवला आणि बर्फ वितळताच तिथे आधी पेरलेला माझा गहू मोडून स्वतःचा पेरला. मी विचारले तर दात काढून म्हणाला, "वहिनी, बर्फात धोंडे सरकतात."

मी गहू वाढू दिला. या महिन्यात गहू निसवायला लागला, ओंब्या बाहेर पडल्या आणि मी शिनसाहेबांना बांधावर नेले. दिराचा सगळा गहू खुजा, पातींची टोके जांभळी, ओंबीचा पत्ता नाही. धोंड्यालगत मात्र चार हात रुंद पट्टा काळाभोर, दाट, ओंब्यांनी भरलेला. कारण त्या पट्ट्यात एकोणीस वर्षे माझे खत आहे. युरिया पाण्याबरोबर पळतो, स्फुरद घातला तिथेच बसतो.

मी म्हटले, "भावजी, धोंडा सरकला, पण माझ्या खताला पाय फुटले नाहीत हो!"

बांधावर जमलेले सगळे हसले. शिनसाहेबही हसले, हे त्यांनी विसरू नये. मी वळले आणि मागून फावडे बसले. पडता पडता मी हातातला विळा फिरवला, त्याचा उजवा कान अर्धा गेला. मी मानेवर मारला होता. डोक्यातले रक्त डोळ्यांत आल्याने हुकला. खोटे कशाला लिहू?

म्हणून दिराला त्याचा कान. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मिठात ठेवला आहे. मागायला आला तर शिंगअरने द्यावा, बरणी परत घ्यावी.

विळा शिंगअरला. धार लावलेली आहे.

त्या पट्ट्यात पुढची दोन वर्षे स्फुरद निम्माच घालावा, जमिनीत भरपूर आहे.

साक्षीदार: १. ताओ बाओलू, लोहार (सही). २. शेजारीण मु लानयिंग (अंगठा). शिनसाहेब सही करत नाहीत, म्हणतात, "बघू."

लिहून देणार: ल्येन ग्वेइछिन (सही). ठिकाण: माच्यावान. तारीख: २१ मे २००९.

शिनसाहेब, दीर गावभर सांगतो आहे की तो पट्टा हिरवाच कापून मेंढ्यांना घालणार. कापला की खूण गेली, मग माझ्या पोरीचे कोण ऐकेल? आणि २६ तारखेला शहरातले डॉक्टर माझी कवटी उघडणार आहेत. गहू उभा आहे तोवर धोंडा जुन्या जागी बसवणार की नाही, ते २५ मेच्या संध्याकाळपर्यंत लिहून, शिक्का मारून माझ्या दारात आणून द्या. "बघू" चालणार नाही. हो की नाही?