खोकायला लावायचं राहून गेलं

सिस्टर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी छातीच्या ऑपरेशनचा पेशंट समोर आला की मला वाटतं, तुम्ही मागे उभ्या आहात. तेव्हा मी नवखी डॉक्टर, तुम्ही वॉर्डच्या इन्चार्ज. त्या काळी पाठीपासून काखेखालपर्यंत छाती उघडायचे. मी वही घेऊन खाटेखाटेपाशी जाते, "दुखतंय का?" विचारते, सगळे "नाय" म्हणतात आणि मी खूश. तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत, "पोरी, डाक्टरला वाईट वाटंल म्हनून ही मानसं दुखतं म्हनत नायत. खोकायला लाव अन् तोंडाकडं बघ." ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन मी रडले होते. मग तुम्हीच डबा उघडलात, भाकरीवर मिरचीचा ठेचा वाढलात आणि मी संपवेपर्यंत समोरून हलला नाहीत. तसं जेवण परत मिळालं नाही.

आता बरगड्यांमध्ये तीन छोटी भोकं पाडतात आणि कॅमेऱ्यानं फुप्फुसाचं काम होतं. भोक लहान म्हणून दुखणंही लहान, असं घरच्यांना वाटतं, तसं नसतं. ते दुखणं कमी करायच्या दोन पद्धती आम्ही ताडून बघतोय. काहींच्या पाठीत मणक्याजवळ बारीक नळी ठेवून औषध सोडत राहतो, काहींना बरगड्यांच्या नसांपाशी एकदाच इंजेक्शन देतो. इंजेक्शनचा आग्रह माझा. पेशंट लवकर उठून चालतो, नळीच्या औषधानं कधीकधी बीपी फार खाली जातं, तसं होत नाही.

आज इंजेक्शनवाल्यांपैकी करमाडच्या एका मावशींना विचारलं, दहापैकी किती दुखतंय? "काय बी नाय. तुमच्या हाताला गुण हाय, मॅडम." मी शून्य लिहिलं, खोटं कशाला बोलू, सुखावलेसुद्धा. तेवढ्यात त्यांची सून म्हणाली, "ठसका आला की तोंड दाबून धरत्यात वो." मी मावशींना खोकायला लावलं. त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. डोळ्यांत पाणी, आणि वर मलाच म्हणतात, "तुमी नगा वाईट वाटून घेऊ." शून्य खोडून आठ लिहिलं, औषध द्यायला लावलं आणि त्यांना झोप लागेपर्यंत तिथंच बसले.

पण सिस्टर, त्यांच्याआधी इंजेक्शन दिलेल्या अकरा जणांना मी खोकायला लावलंच नव्हतं. नळीवाल्यांना मात्र आठवणीनं लावलं. मुद्दाम केलं असं म्हणवत नाही, पण विसरले असंही म्हणवत नाही. मला माझं इंजेक्शन सरस ठरायला हवं होतं. ती माणसं शून्य सांगून, हात जोडून घरी गेली. कुणाला किती दुखलं, ते आता कळायचं नाही. त्या अकरा जणांचे कागद बाद करा, असं उद्या सगळ्यांसमोर सांगायचं आहे आणि मला लाज वाटतेय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. तुम्ही असतात, तर तुमच्यापासूनही मी हे लपवलं असतं.