पाच फुटांचं दार

मंगळवार, ११ फेब्रुवारी. अमडापूर.

आज लिहिलंच पाहिजे. महिनाभर मी लॅपटॉपवर जे घर थ्रीडीत बांधत होते, ते सिनेमाचं घर आज गावाबाहेरच्या पडीक वावरात उभं राहिलं. पाच फुटांच्या दारासकट! त्या दारावरून किती ऐकून घेतलं मी. दिग्दर्शक म्हणाले, "फूटभर वाढव, हिरोचं डोकं आपटेल." मी म्हटलं, वाकेल की, आमच्याकडे सगळेच वाकतात. स्क्रीनवर नुसता आकडा बदलायचा होता. नाही बदलला. हट्टीपणा होता का? असेल.

संध्याकाळी बाबा बघायला आले. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, कौतुक करणार नाही हे ठाऊकच होतं. दारापाशी थांबले, चपला काढल्या आणि वाकून आत गेले. आत काय? वर मोकळं आभाळ, आणि प्लायवूडच्या भिंतीला दिलेले बांबूचे टेकू.

"अवं, मांगं तं घरच नाही!" बाबा आतून ओरडले.

"मंग चपला काऊन काढल्या, बाबा?"

त्यांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

बाहेर आले, तेही वाकूनच.