अप्पांनी न मानलेला शब्द

अप्पा, काल मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये फोनवर इंग्रजी शब्दांचा खेळ खेळत होते. समोरच्या कुणा अनोळखी माणसानं तीन अक्षरं लावली, जी, यू, आर, आणि यंत्रानं ती मुकाट्यानं मानली. गुर. खाली अर्थही आला: उसाच्या रसापासून करतात तो गूळ. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या मनात पहिलं हेच आलं की हा फोन तुमच्या नाकासमोर धरावा. मग आनंद व्हायचा सोडून राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

माझा पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला तो आठवडा. मंठाळच्या घरी आपण स्वयंपाकघरातच सतरंजी टाकून बसलोय, बाहेर ऊन मी म्हणतंय. तुम्ही हैदराबादहून आणलेल्या खेळाची लाकडी अक्षरं मधे पसरलीत. शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवत होता, घरी उसाचं गुऱ्हाळ चालवत होता, आणि दोन्हीकडे तुमचाच शब्द शेवटचा. मला गुलबर्ग्याला लग्न झालेल्या अक्काच्या घरी राहून बी.ए. करायचं होतं. तुमचं म्हणणं, बसवकल्याणात कॉलेज न्हाई काय. शेवटी तुम्हीच म्हणाला होता, "मला हरव, मग खुशाल जा." तुम्हांला वाटलं, ही काय हरवते. पण खेळ संपत आला तेव्हा माझ्याकडे तीनच अक्षरं उरली होती, आणि ती लागली की मी जिंकत होते. इंग्रजी पेपरातल्या बाजारभावात तो शब्द मी वाचला होता. मी तो लावला.

तुम्ही चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "न्हाई चालत. हे इंग्रजी न्हाई, बाई. हे आपल्या गुऱ्हाळातलं हाय." तुमच्या शाळेच्या कोशात तो नव्हताही.

"कामून न्हाई, अप्पा? खाकी चालतंय, कॉट चालतंय. कॉट म्हंजे आपली खाट, तुम्हीच सांगितलं व्हतं की."

"साहेबानं घेतलं ते चालतं."

"मग साहेबानं गूळ खाल्ला न्हाई काय?"

भाकरी थापता थापता आईला हसू फुटलं. "खेळायलात का भांडायलात?" म्हणाली. तुम्ही हसला नाहीत. अक्षरं एकेक करून उचललीत, माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "हरलीस."

मी हरले नव्हते. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या कामाला गेल्यावर पिशवी भरली आणि गुलबर्ग्याची बस धरली. आईनं अडवलं नाही, पोचलीस की कळव एवढंच म्हणाली. पुढे वर्षभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग एकदा दुपारी अचानक अक्काच्या दारात उभे, खांद्यावर फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. ती ओट्यावर ठेवलीत आणि माझ्याकडे न बघता अक्काला म्हणालात, "हिला च्यात घालून दे. साखरेचा च्या पिऊन वाळायलीय." अक्का म्हणाली, अप्पा नमले. मी म्हटलं, न्हाई. चूक झाली म्हणायला ढेप लागत नाही, तोंड लागतं. चहा मात्र प्यायले, तो फार चांगला झाला होता.

काल त्या शब्दाचं मूळही शोधलं. संस्कृतात गुड म्हणजे गोळा. रस आटवून त्याचा गोळा केला म्हणून तोही गुड. आपण त्याचा गूळ केला, बाजारातले दखनी बोलणारे गुड म्हणत राहिले, शेजारची कन्नड माणसं बेल्ल म्हणून मोकळी झाली. इंग्रजानं जिभेला जमेल तसा उचलला आणि आपल्या कोशात ठेवला. ठेवू दे. साहेबानं शिक्का मारला म्हणून तो आता खरा झाला, असं मी म्हणणार नाही. राग त्याचाच आला. सतरंजीवर लावला त्या दुपारीही तो शब्द खराच होता, आणि मीही खरी होते. मला आज कोशाचा दाखला नको, तुमचाही नको.

आता माझ्या लेकीचं ऐका. तिला मंगळुरूला जाऊन माशांचं शास्त्र शिकायचंय. परवा तिनं सांगितलं आणि मी तिथल्या तिथं "न्हाई" म्हणाले. आपल्या घरात कधी अंडं शिजलं न्हाई, मासे कसले शिकायलीस, म्हणाले. बोलताना ते कारण मला अगदी पक्कं वाटलं. रात्री तिच्या खोलीवरून जाताना, ती आत झोपलेली असूनही, खोली मला रिकामी दिसली, आणि मी दारातच थांबले. माशांचा काही संबंधच नव्हता. सकाळी तिला जा म्हटलं, आणि मला तुझ्यावाचून करमणार न्हाई, हेही तोंडानं सांगितलं. ती रडली, पण जाणार आहे.

तुमचंही तेच होतं ना, अप्पा? कोशाचा काही संबंध नव्हता. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या दुपारी तुम्ही नुसतं "नको जाऊ, मला करमायचं न्हाई" म्हणाला असतात, तर मी राहिले असते. बरं झालं, म्हणाला नाहीत.