शॉकचा पंप

प्रिय ओम,

तुझा मेसेज वाचला. माझा पंप तुटला म्हणून तू दोन नवे मागवणार आहेस, एक तुला, एक मला. सायकलच्या शॉकसाठी भरवशाचा कोणता ते मी सांगायचं. मेसेजला मेसेजनेच उत्तर दिलं असतं, पण ते तू वाचून पुसून टाकशील. कागद निदान फाडावा लागतो. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्याने लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, लावून घे.

आधी पंपाचं. चाकात हवा भरायचा पंप सस्पेन्शनला, म्हणजे धक्के झेलणाऱ्या शॉकला, लावू नकोस. शॉकमध्ये हवेला जागा वाटीभर आणि दाब मात्र चाकाच्या कितीतरी पट. साध्या पंपाने तो गाठता येत नाही आणि नेमका राखता तर मुळीच येत नाही. स्वस्तातल्या पंपाचा काटा आज एक सांगतो, उद्या दुसरंच. तबकडी मोठी बघ. हवा थोडीथोडी सोडायचं बटण हवंच. नळी लवचिक असावी, आणि तोंड असं की पंप काढताना शॉकमधली हवा निसटू नये. तोंड पितळेचं घे. पितळ पक्कं असतं, माझ्या समोरच्या दोन दातांना विचार.

तू पुढे निघून गेला होतास, म्हणून तुला सगळं माहीत नाही. झरी जामणीकडच्या त्या गावाबाहेर माझ्या सायकलचा मागचा शॉक हवा जाऊन खाली बसला आणि आपण मोहाच्या झाडाखाली थांबलो, तेव्हा तू होतास. मी नळी जोडत होतो. ते म्हातारे विठ्ठलराव जवळ आले, "हे काय व्हय गा?" म्हणाले. मी सांगितलं, "शॉकचा पंप हाय, काका." त्यांनी नळी आणि काटा निरखून पाहिला. मग "कायले लागते?" असं त्यांनी विचारलं, आणि माझ्याआधी तूच हसत बोललास, "डुक्कर माराले, काका! एका झटक्यात गार!" आणि व्हिडिओ काढायला पुढे पळालास.

त्यांची लेक पुष्पा महिन्याभरापूर्वीच गेली होती, हे आपल्याला कुठे ठाऊक? कुणीतरी शिकारी डुकरांसाठी तारेत करंट सोडून गेले आणि पहाटे तुरीत शिरलेली ती पोरगी तारेला चिकटली. विठ्ठलरावांनीच तिला लाकडाने ओढून काढलं. गाव तेव्हापासून त्या शिकाऱ्यांच्या वाटेवर डोळे लावून बसलं होतं, आणि आपण नळी-काट्यासकट हजर.

तू गेल्यावर विठ्ठलरावांनी हाक दिली तशी माणसं धावून आली, "हाच व्हय थो करंटवाला!" एवढंच कानावर आलं. पहिला दांडा मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग बैल हाकायची काठी, तुतारी, तिच्या टोकाचा खिळा मांडीत. मीही सोडलं नाही ओम, एकाचा कान चावला, तोंडात त्याचं रक्त आलं. मग चौघांनी मला दाबून धरलं. "यालेच दे शॉक," कुणीतरी ओरडलं. ते पितळेचं तोंड त्यांनी माझ्या दातांवर ठोकत आत घातलं आणि विठ्ठलराव स्वतः पंपाचा दांडा रेटू लागले. रडत रेटत होते. घशात हवा नि रक्त एक झालं. मी मरतोय हे मला स्वच्छ कळत होतं.

वाचवलं रामीबाईनं, पुष्पाच्या आईनं. कसल्या आवाजाने तिला शंका आली कोण जाणे, तिने नळी हिसकून स्वतःच्या गालाला लावली आणि किंचाळली, "हवाच हाय रे हे! निस्ती हवा!" सगळे हात सुटले. कुणी पाणी आणलं, कुणी पळालं. विठ्ठलराव माझ्यापाशी मातीत बसून राहिले, पोलीस येईपर्यंत.

आता ते आणि आणखी पाच जण आत आहेत. खुनाचा प्रयत्न. 'पोरानं सोताच सांगतलं, डुक्कर माराचं हाय म्हणून,' एवढंच ते सांगतात, आणि सगळे म्हणतात रचलेलं आहे. माझ्या घरचेही. मी खरं सांगितलं तर पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, तुझ्या डोक्याला मार होता, तुझा दोस्त तर लिहून देऊन गेला की मी पुढे होतो, कुणाशी बोललोच नाही.

मला पंप नको, ओम. त्यांनी मला मारलं, त्याची शिक्षा त्यांना होऊ दे; माझ्या मनात माया वगैरे काही नाही, जेवताना अजून रक्ताची चव येते. पण ते खोटारडे म्हणून आत सडणार असतील तर ते पाप तुझं आहे. जबाब बदलायला ये. केस होईल, नोकरीवर गदा येईल, आई रडेल, सगळं खरं. तू नाही आलास तर मी कोर्टात उभा राहून तुझं नाव घेणार आहे, हे तुझ्या पाठीमागे व्हायला नको म्हणून आधी लिहिलं. तुझं थोबाड फोडावंसं वाटतं. तरी मारेगावच्या स्टँडवर तुला घ्यायला मीच येईन, आणि ठाण्यात तुझ्या बाजूच्या खुर्चीवर मीच बसेन.

तुझाच,
धम्मदीप